कुलीनतेची दंतकथा आणि दुर्गाबाईंचा अभिनय

दुर्गा खोटे यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचा प्रारंभ बहुधा एकाच विधानाने होतो : चित्रपटसृष्टीत पाऊल टाकणारी कुलीन घराण्यातील पहिली स्त्री. चरित्रपर टिपणे, मृत्युलेख, कोशांतील नोंदी आणि शताब्दीनिमित्तचे गौरवलेख या सर्वांत हे विधान इतक्या निःशंकपणे पुनरावृत्त होते की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास भासू नये. वस्तुतः हे विधान अभिनयासंबंधी काहीही सांगत नाही. त्यातील गौरव घराण्याचा आहे. नटीने काय केले याऐवजी ती कोठून आली हे त्यात सांगितले जाते, आणि ती जेथून आली तेथून ती आली नसती तर तिच्या कामाची दखल घेण्याचे कारण उरले नसते, असे त्यातून अस्फुटपणे सुचविले जाते. १९३१ ते १९८० अशी जवळजवळ पन्नास वर्षे चित्रपटात, त्याच काळात नाट्यगृहात आणि अखेरच्या पर्वात निर्मातीच्या नात्याने दूरदर्शनवर वावरलेल्या एका कलावतीच्या कारकिर्दीचे आकलन अशा प्रमाणपत्रावर थांबावे, हे मराठी नाट्य-चित्रपट समीक्षेचे दारिद्र्य आहे.

ही दंतकथा निरुपद्रवी नाही. तिने तीन प्रकारे हानी केली आहे : दुर्गाबाईंच्या आधी आणि त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या स्त्रियांना तिने इतिहासाच्या समासात ढकलले, दुर्गाबाईंच्याच भूमिकांपैकी कोणत्या स्मरणात ठेवायच्या याची निवड तिने केली, आणि त्यांच्या आत्मचरित्राचे वाचनही तिने आधीच निश्चित करून टाकले.

१

प्रथम ‘पहिली’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या मूकपटात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमला (पुढे कमलाबाई गोखले) यांनी मोहिनीची भूमिका केली. ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर येण्याच्या सुमारे अठरा वर्षे आधीची ही घटना आहे. पतीपासून विभक्त होऊन, मुलीला घेऊन दुर्गाबाई कामत नाटक मंडळीत शिरल्या होत्या. मुलीचे बालपण बिऱ्हाडाबरोबर फिरण्यात गेले, आणि कमलाबाईंनी पुढे दीर्घकाळ रंगभूमीवर काम केले. ही हकीकत अज्ञात नाही. रीना मोहन यांनी कमलाबाईंवर केलेल्या माहितीपटामुळे ती नव्या अभ्यासकांपर्यंतही पोहोचली आहे. तरीही ‘पहिली’चा मान मराठी स्मृतीत ‘कुलीन’ या विशेषणाच्या आधारे दुसरीकडे जातो.

येथे ‘कुलीन’ या शब्दाचा खरा अर्थ उघड होतो. तो केवळ जन्माचा वाचक नाही. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात राहिलेली, पोटासाठी गावोगाव फिरलेली स्त्री कोणत्याही कुळातील असली तरी ‘कुलीन’ उरत नाही. कांदेवाडीतील सधन लाड कुटुंबात १९०५ साली जन्मलेली, कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, खोटे यांच्यासारख्या धनिक घरात दिलेली मुलगी मात्र, पैशाच्या निकडीने कॅमेऱ्यापुढे उभी राहिली तरी ‘कुलीन’ राहते. म्हणजे हा शब्द कुळापेक्षा मालमत्ता, इंग्रजी शिक्षण आणि शहरी प्रतिष्ठा यांचाच निर्देश करतो. उपजीविकेसाठी काम करणे हे एकीच्या बाबतीत कलंक आणि दुसरीच्या बाबतीत धाडस ठरते. ‘फरेबी जाल’ (१९३१) मधील छोट्या भूमिकेनंतर दुर्गाबाईंनाही लोकापवाद सोसावा लागला हे खरे आहे. तो अपवाद प्रतिष्ठेच्या हानीचा होता. ज्यांना प्रतिष्ठा नाकारलेलीच होती त्यांच्या वाट्याला असा अपवादही आला नाही, कारण त्यांच्याविषयी समाजाने आपला निर्णय पूर्वीच दिलेला होता.

रंगभूमीकडे पाहिले तरी हेच दिसते. हिराबाई बडोदेकर यांनी आपल्या भावंडांसह नाटक मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करण्याचा प्रघात विसाच्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आणला. परंतु मराठी नाट्येतिहासातील ‘नवे पर्व’ १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून मोजण्याची सवय अधिक रुजली, आणि त्या मोजणीत सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांच्या रंगमंचावरील प्रवेशाला विशेष वजन मिळाले. जोत्स्ना भोळे यांच्या कर्तृत्वाला यामुळे बाधा येत नाही. प्रश्न मोजणाऱ्यांचा आहे. एखादी गोष्ट इतिहासात घडली असे केव्हा मानायचे, हे त्यांनी ती कोणत्या घरातील व्यक्तीकडून घडली यावर ठरविले आहे.

२

दंतकथेची दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे, आणि तिचा बळी स्वतः दुर्गाबाई आहेत. सामान्य प्रेक्षकाला, आणि बहुसंख्य समीक्षकांनाही, त्यांच्या दोन भूमिका तत्काळ आठवतात : ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मधील तारामती आणि ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई. एक पतीच्या सत्यापायी विकली जाणारी पत्नी, दुसरी पती आणि पुत्र यांच्यामध्ये सापडलेली माता. त्यानंतर ‘बिदाई’ (१९७४) सारख्या चित्रपटांतील वत्सल वृद्धा येतात. या मालिकेकडे पाहिल्यास दुर्गाबाई म्हणजे भारतीय स्त्रीत्वाच्या आदर्शाचे मूर्त रूप, हा निष्कर्ष सहज निघतो. कुलीन घरातील स्त्रीने कुलीन स्त्रीच्या भूमिका केल्या : दंतकथा स्वतःच स्वतःला पुरावा पुरविते.

परंतु या कारकिर्दीची दुसरी मालिकाही तितकीच ठळक आहे. ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) मधील स्त्रीराज्याची राणी; ‘अमरज्योती’ (१९३६) मधील सौदामिनी; ‘पायाची दासी’ (१९४१) मधील छळवादी सासू; ‘भरत मिलाप’ (१९४२) मधील कैकेयी; रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई; आणि १९५४ साली मुंबई मराठी साहित्य संघाने हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केलेल्या ‘राजमुकुट’ या शिरवाडकरकृत रूपांतरातील लेडी मॅक्बेथची व्यक्तिरेखा. या स्त्रिया घराची मर्यादा राखणाऱ्या नाहीत. त्या सत्ता मागतात, सूड घेतात, पतीला गुन्ह्याकडे लोटतात, न्यायव्यवस्थेला आव्हान देतात. आनंदीबाई ही तर ‘ध’चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेमुळे मराठी मनात कुलीन घरातील कलंकित स्त्रीची प्रतिमाच होऊन बसली आहे. एकाच अभिनेत्रीने वीस-पंचवीस वर्षांच्या अवधीत इतक्या सातत्याने अशा व्यक्तिरेखा साकारल्या, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा मुद्दा नाही. निर्माते-दिग्दर्शकांना त्यांच्या ठिकाणी आज्ञा देऊ शकणारा आवाज आणि नजर आढळली होती, हे त्यावरून स्पष्ट होते. समीक्षेने मात्र सोशिक तारामती निवडली.

सौदामिनीचे उदाहरण विशेष बोलके आहे. राज्याच्या न्यायाने स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर ही स्त्री समुद्रावर निघून जाते आणि चाच्यांची नायिका बनते. कायद्यात मातेला स्थान नाही म्हणून कायद्याबाहेर उभी राहणारी ही व्यक्तिरेखा १९३६ साली, शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली, व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेलेल्या चित्रपटात केंद्रस्थानी होती. स्त्री-प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्या मराठी समीक्षेत ‘कुंकू’ची नीरा वारंवार चर्चिली जाते, आणि ते योग्यच आहे. पण नीरेचे बंड घराच्या चार भिंतींत राहते आणि अखेरीस पतीच्या हृदयपरिवर्तनाने शमते. सौदामिनीचे बंड घराबाहेरचे आहे, सशस्त्र आहे. ते अद्भुतरम्य वेषात आले म्हणून त्याला गौण लेखावयाचे, आणि वास्तववादी वेषातील बंड तेवढे गंभीर मानायचे, यात एका वाङ्मयीन अभिरुचीचा पक्षपात आहे.

येथे एका स्थळाचा उल्लेख प्रस्तुत ठरतो. आयुष्याच्या उत्तरार्धात दुर्गाबाई अलिबागला राहिल्या. हा किनारा कान्होजी आंग्रे यांचा. ज्यांची समाधी अलिबागेत आहे आणि ज्यांच्या आरमाराची आठवण समोरच्या कुलाबा किल्ल्यात उभी आहे, त्या सरखेलांना इंग्रजांच्या कागदपत्रांत चाचा म्हटले गेले. समुद्रावरील एकाच कृतीला राज्यकर्तृत्व म्हणायचे की लूट, हे लेखणी कोणाच्या हातात आहे त्यावर ठरले. मराठी इतिहासलेखनाने हा डाव ओळखला आणि त्याला उत्तरही दिले. पण नटीच्या बाबतीत नाव देण्याचा अधिकार कोण बजावतो, ‘कुलीन’ आणि ‘नाटकवाली’ ही दोन नावे एकाच कामाला कशी दिली जातात, हे ओळखण्याची तत्परता मराठी समीक्षेने दाखविलेली नाही.

३

आता ज्या प्रश्नाला दंतकथेने जागाच ठेवलेली नाही तो प्रश्न : अभिनयाचा. दुर्गाबाईंच्या कारकिर्दीचा क्रम त्यांच्या पिढीच्या दृष्टीने उलटा आहे. बोलपटाच्या आरंभी बहुतेक नट रंगभूमीवरून पडद्यावर आले आणि येताना संगीत नाटकाची शब्दफेक, हातवारे, प्रेक्षकाभिमुख उभे राहणे हे सर्व बरोबर घेऊन आले. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. त्यांच्यामागे संगीत रंगभूमीची मोठी परंपरा उभी होती. त्यांच्यासमोर तारामती म्हणून उभ्या राहिलेल्या स्त्रीजवळ व्यावसायिक रंगभूमीचा अनुभव नव्हता. पार्श्वगायनाची सोय नव्हती. चित्रीकरण चालू असतानाच गावे आणि बोलावे लागे. अशा स्थितीत रंगभूमीच्या सवयींचा अभाव हा दोष ठरावयास हवा होता. तो गुण ठरला. पडद्यावरील त्या तारामतीचे बोलणे आजही तुलनेने बोलण्यासारखे वाटते. चेहऱ्याची हालचाल मोजकी आहे. दुःखाचा भार देहाच्या ठेवणीवर आहे. नव्या माध्यमाला हवी असलेली मितव्ययता त्यांनी कोणत्याही परंपरेकडून उसनी घेतली नव्हती.

आणि मग, सुमारे वीस वर्षांचा पडद्याचा अनुभव गाठीशी असताना, त्या साहित्य संघाच्या रंगमंचावर नानासाहेब फाटक यांच्यासमोर उभ्या राहिल्या. भारदस्त, पल्लेदार वाणीचा सम्राट आणि कॅमेऱ्याने घडविलेली अभिनेत्री यांची ही भेट मराठी रंगभूमीच्या शैलीच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना मानली पाहिजे. मॅक्बेथ आणि लेडी मॅक्बेथ यांच्या प्रवेशांत दोन व्यक्तिरेखांबरोबर दोन अभिनयपद्धतीही समोरासमोर येतात. त्यांपैकी कोणी कोणाला वळविले? रंगभूमीने चित्रपटातील नटीला उंच आवाजात बोलावयास लावले, की तिने रंगभूमीला हलक्या आवाजाची ताकद दाखविली? संघाच्या नाट्योत्सवांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येऊ नये. मराठी नाट्यसमीक्षेत तो अभावानेच विचारला गेला. रूपांतराच्या भाषेची चर्चा झाली, शेक्सपिअरच्या मराठीकरणाची चर्चा झाली. नटी मात्र ‘भूमिका गाजविली’ या दोन शब्दांत संपली.

असेच विस्मरण कामाच्या आर्थिक बाजूविषयी आहे. मासिक पगारावर एका चित्रसंस्थेशी बांधले जाण्याचा तो काळ. दुर्गाबाई कोल्हापूर-पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये दिसतात, कलकत्त्याच्या ‘न्यू थिएटर्स’मध्ये देबकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’त (१९३३) दिसतात, मुंबईच्या ‘प्रकाश पिक्चर्स’मध्ये दिसतात, १९३७ साली ‘साथी’ची निर्मिती करतात, पुढे लघुपट-जाहिरातपटांची संस्था उभी करतात, आणि त्याच संस्थेकडून १९८८ साली दूरदर्शनवर आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेली, कुंदन शाह दिग्दर्शित ‘वागळे की दुनिया’ येते. ही एका व्यावसायिकेची वाटचाल आहे. स्वतःच्या श्रमाची किंमत स्वतः ठरविणे आणि उत्पादनाची साधने स्वतःच्या ताब्यात आणणे, हे तिचे सूत्र आहे. ‘कुलीन’ या विशेषणाने नेमके हेच सूत्र झाकले जाते. कारण कुलीन स्त्रीने पैशाविषयी बोलावयाचे नसते आणि समीक्षकाने ते ऐकावयाचे नसते.

४

तिसरी हानी वाचनव्यवहारातील. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्याच्या बारा वर्षे आधी, १९७० साली, हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ आले होते. त्याचे शब्दांकन अरुण साधू यांचे, आणि त्याच्या आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ हा चित्रपट केला. दोन्ही पुस्तके चित्रपटातील स्त्रियांची. दोन्हींत अर्थार्जनाची सक्ती आहे, पुरुषांवरचे अवलंबन आहे, मुलांविषयीची कासाविशी आहे. पण मराठी वाचकवर्गाने दोहोंना दोन वेगळ्या मोजपट्ट्या लावल्या. हंसाबाईंच्या पुस्तकाला ‘प्रांजळ’, ‘धीट’, ‘खळबळजनक’ ही विशेषणे लाभली. दुर्गाबाईंच्या पुस्तकाला ‘संयत’, ‘सुसंस्कृत’, ‘प्रगल्भ’. एकीकडून कबुलीजबाब अपेक्षित होता, दुसरीकडून स्मरणरंजन. म्हणजे आत्मचरित्राच्या संहितेवर वाचन सुरू होण्यापूर्वीच लेखिकेच्या कुळाचा शिक्का बसलेला होता.

हे वाचन उलटवून पाहिले पाहिजे. हंसाबाईंच्या कथनात कामाविषयीची जी जाण आहे, भूमिका समजून घेण्याची जी धडपड आहे, ती खळबळीखाली गाडली गेली. दुर्गाबाईंच्या कथनात पैशाची ओढाताण, परावलंबनाची भीती आणि निर्णयांतील कठोरपणा यांचे जे ताण आहेत, ते संयमाच्या गौरवाखाली विरून गेले. एकीला देह दिला गेला, दुसरीला सभ्यता. काम दोघींकडूनही काढून घेतले गेले.

५

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो दुबळा नाही. त्या काळात प्रतिष्ठित घरातील एका स्त्रीच्या प्रवेशामुळे इतर स्त्रियांचा मार्ग खरोखरच मोकळा झाला. हे सामाजिक वास्तव आहे. ते नोंदविणे म्हणजे उच्चवर्गाची भाटगिरी नव्हे, असे कोणी म्हणेल. वास्तव नोंदविण्यास हरकत नाही. पण मार्ग कोणासाठी मोकळा झाला, हेही मग नोंदवावे. तो सुशिक्षित, शहरी, सुस्थित स्त्रियांसाठी मोकळा झाला. ज्या स्त्रिया त्या मार्गावरून आधीच चालत होत्या त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे वाढली नाही. उलट, ‘चांगल्या घरातील’ नट्या आल्यावर त्या अधिकच ‘इतर’ ठरल्या.

याचा पडताळा घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या किनाऱ्यावर दुर्गाबाईंनी अखेरची वर्षे काढली त्या रायगड-रत्नागिरीच्या पट्टीत गावोगाव उत्सवी नाटके होतात. गणेशोत्सव, शिमगा, ग्रामदेवतेची जत्रा अशा निमित्ताने गावातील आणि मुंबईहून आलेले चाकरमानी पुरुष हौसेने तोंडाला रंग लावतात. नमन-खेळ्यांतील गवळणी परंपरेने पुरुषच करीत आले. नाटकातील स्त्री-भूमिकांसाठी मात्र बाहेरून मानधनावर नटी आणण्याची प्रथा आहे. तिची ‘नाइट’ ठरते. एखाद-दुसऱ्या तालमीवर ती उभी राहते. प्रयोग संपल्यावर पहाटेच्या गाडीने परत जाते. गावातील लेकीसुनांनी रंगमंचावर यावे काय, हा प्रश्न कित्येक ठिकाणी ‘बरे दिसत नाही’ या तीन शब्दांत निकालात निघत आला आहे. मुंबईत उघडलेला दरवाजा धरमतरची खाडी ओलांडून पलीकडे सरसकट उघडला नाही. आणि त्या मानधनावरच्या नटीच्या अभिनयाविषयी, आयत्या वेळी अपरिचित मंडळींत उभे राहून नाटक तोलून धरण्याच्या तिच्या कौशल्याविषयी, नाट्यसमीक्षेत एखादा परिच्छेद शोधावयाचा झाल्यास कष्ट पडतात. ‘कुलीन पहिली’ची दंतकथा ज्या समीक्षेने जोपासली त्या समीक्षेला या स्त्रिया दिसणेच शक्य नव्हते.

हाच किनारा आणखी एक उदाहरण देतो. १९५१ साली मुरुड-जंजिरा येथे जन्मलेले नाना पाटेकर ‘हमीदाबाईची कोठी’ आणि ‘पुरुष’ या नाटकांतून पुढे आले. ‘परिंदा’ (१९८९) पासून हिंदीत त्यांचा दबदबा निर्माण झाला. २०१६ मध्ये ‘नटसम्राट’च्या चित्रपटरूपात ते गणपतराव बेलवलकर झाले. त्यांच्याविषयीच्या लेखनातही अभिनयाची चर्चा थोडी आणि ‘मातीतला माणूस’, ‘रोखठोक’, ‘गरिबीतून वर आलेला’ ही विशेषणे पुष्कळ. नटीला कूळ, नटाला माती! दोन्ही ठिकाणी जन्माचा दाखला मागितला जातो. दोन्ही ठिकाणी कसब हे स्वभावाचे उप-उत्पादन मानले जाते. फरक इतकाच की पुरुषाच्या बाबतीत दारिद्र्य अस्सलपणाचा पुरावा ठरते. स्त्रीच्या बाबतीत तेच संशयाचे कारण झाले असते. वर उल्लेखिलेली त्यांची दोन्ही नाटके विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेली. बाई एकेकाळी दुर्गाबाईंच्या सूनबाई होत्या, ही माहिती मराठीत कुटुंबवृत्त म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. साहित्य संघाच्या भारदस्त प्रयोगांपासून ‘रंगायन’च्या प्रायोगिकतेपर्यंत अभिनयाची कल्पना कशी बदलली, या चर्चेचा आरंभबिंदू म्हणून मात्र ती क्वचितच वापरली जाते. नाते दिसते, परंपरा आणि तिच्यातील खंड दिसत नाहीत.

दुर्गाबाईंना १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. सन्मानांची उणीव नाही. उणीव वाचनाची आहे. त्यांच्या चित्रपटांपैकी जे उपलब्ध आहेत ते कृती म्हणून पाहणे, ‘अमरज्योती’ आणि ‘भरत मिलाप’ यांना तारामतीच्या शेजारी आणून बसविणे, साहित्य संघाच्या प्रयोगांविषयीचे समकालीन परीक्षण-लेखन एकत्र करून दोन अभिनयपद्धतींच्या भेटीचा मागोवा घेणे, ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘मी, दुर्गा खोटे’ या दोन संहिता एकाच मोजपट्टीने वाचणे, आणि उत्सवी रंगभूमीवरील मानधनाच्या नटीला नाट्येतिहासाच्या कक्षेत घेणे : ही कामे करावयाची राहिली आहेत. ती करताना ‘कुलीन घराण्यातील पहिली’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदातून काढून टाकावे लागेल. ते काढल्यावर दुर्गाबाईंचे महत्त्व तिळमात्र कमी होणार नाही. त्यांच्या घराण्याचे तेवढे होईल.